मोतीलालशेठच्या गाडीची किंगपिन

कय्युम मिस्त्रींचं गॅरेज धुळ्यात देवपूरला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. मी माझी स्कूटर तिथेच न्यायचो. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट ही त्यांची रोजची कामं. सत्त्याऐंशी साली मात्र तिथे एक लाल, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी येऊन उभी राहिली. जळगावचे कापसाचे व्यापारी मोतीलालशेठ यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली, तीस वर्षं जुनी.

"चाळीसच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं, कय्युमभाई," शेठ म्हणाले.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर उचलून पुढचं चाक हलवलं. ते खडखडलं. ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं, ती किंगपिनच झिजली होती आणि ती ज्या नळीवजा कड्यांत फिरते ते बुश संपले होते. मुंबईच्या बाजारात दोन खेपा घालूनही पार्ट मिळाला नाही, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मीच बनवतो."

भंगारातल्या ट्रकच्या अ‍ॅक्सलचा तुकडा लेथवर उतरवून त्यांनी दोन पिना केल्या. भट्टीत लाल करून, तेलात बुडवून त्यांना पाणी दिलं, म्हणजे पोलाद कडक केलं. गनमेटल या पितळेसारख्या धातूचे बुश केसाएवढ्या मापानं बसवले. नऊ दिवस लागले. पांझरा नदीच्या पुलावर शेठनी दोन्ही हात सोडून दाखवले, गाडी सरळ रेषेत गेली.

"विलायतेत बनते तशीच बनली," मिस्त्री त्या दिवशी मला दोनदा म्हणाले.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत एरंडोलच्या अलीकडे ती गाडी कडुनिंबावर आदळली. शेठ जागीच गेले. वेग आवरला नाही, असं सगळे म्हणाले. मिस्त्रींना कोणी काही विचारलं नाही. ते आपणहून एसटीनं एरंडोलला गेले; पुढचं सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

गाडी पोलीस चौकीच्या आवारात पडली होती. शिपायाला विनवून ते गाडीखाली शिरले. डावी किंगपिन मधोमध तुटलेली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत, दाणेदार आणि उरलेला काळा, गंजलेला. म्हणजे चीर जुनी होती. पाणी दिल्यावर पोलाद पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. तो त्यांनी कमी उतरवला होता.

तिथून ते थेट जळगावला, मेहरूणच्या बंगल्यावर गेले. शेठच्या पत्नी प्रमिलाबाई ओसरीवर बसल्या होत्या.

"भाभी, वेगानं नाही झालं. माझी पिन तुटली."

 बाई म्हणाल्या, "महिनाभर सांगत होते, गाडी डावीकडे ओढते. मी म्हटलं, धुळ्याला दाखवून या. म्हणाले, हंगाम संपू दे."

मिस्त्रींना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच शरम वाटली.

"पण तुम्ही सांगायला कशाला आलात?" बाई म्हणाल्या. "मी नशिबाला बोल लावून गप्प बसले होते. आता रोज तुमचं नाव आठवेल. तुम्ही मात्र मोकळे झालात."

"मोकळा नाही झालो, भाभी."

"मग कुणाचंच भलं झालं नाही," म्हणत त्या आत गेल्या.

त्यानंतर मिस्त्रींनी कुठल्याही गाडीच्या पुढच्या चाकांना हात लावला नाही. "इंजिन बघतो, पुढचं दुसरीकडे दाखवा," म्हणायचे. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी दोन दुकानं कशाला हिंडेल? हळूहळू गॅरेज बसलं. शेवटी त्यांनी लेथही विकून टाकलं.

पंच्याण्णव साली ते गेले. दफन उरकल्यावर त्यांच्या बायकोनं, ताजबीनं, मला विचारलं, "भाऊ, जळगावच्या बाईंना कळवायचं का?"

मी नको म्हणालो. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.