दोन वेळची धार बघून घेतलेलं कॉलेज

आमच्या घरात कॉलेज पसंत करायचा अनुभव कुणालाच नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मला अनुभव होता म्हशी पसंत करायचा. (आमच्या गडमुडशिंगी गावात व्यवहाराआधी लोक आजही मला सोबत नेतात. फुकट, पण नेतात!)

थोरली सायली बारावी झाली आणि भूगर्भशास्त्र घेणार म्हणून बसली. कोल्हापुरातल्या दोन कॉलेजांत नंबर लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक ठरवायचं, नाहीतर दोन्ही हातचे जाणार. माझा जीव मोठ्या कमानीच्या कॉलेजात अडकलेला. सायली म्हणाली, "पप्पा, कमानीखाली बसून शिकायचं हाय व्हय? विभाग कसा हाय ते बघा की."

मला पटलं. शिंगं बघून म्हैस घेणारा मी नव्हेच. आमची रीत सरळ आहे. न सांगता जायचं आणि सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळची धार समोर उभं राहून बघायची. एका वेळेला कोणीही फसवतं.

वरच्या वर्गांचे तास सुरू झाले होते. सकाळी कमानीच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसलो. शेजारी सायली, तोंडाला ओढणी गुंडाळून. वर्ग गच्च भरलेला, सर एकदम फर्डे. मी खूश. तिथून दुसऱ्या कॉलेजात गेलो. पोरं थोडी, पण ती प्रश्न विचारून मॅडमना पुढं सरकू देईनात. संध्याकाळी परत फेरी मारली, तर कमानीच्या विभागाला कुलूप! दुसरीकडं दिवे चालू, आणि मॅडम पोरांबरोबर दगडावर डोकं लावून बसलेल्या.

"पावणं, सकाळी मागं तुम्हीच होता न्हवं?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. आता दुसरी धार बघायला आलोय," मी सरळ सांगून टाकलं. सायली भूगर्भात शिरायला जागा शोधायला लागली.

मॅडम हसल्या नाहीत. त्या कुरुंदवाडच्या, माहेरी मोठा गोठा. म्हणाल्या, "बघा की. पण म्हैस देणारापण घेणाऱ्याचा गोठा बघतोच. आमचं प्रॅक्टिकल सकाळी सातला असतंय. तुमच्यात सकाळची धार कोण काढतंय?"

मी छताकडं बघितलं. सायली हळूच म्हणाली, "मीच की."

"मग आमचा विभाग चांगला असून उपयोग काय?"

ऑफिस बंद व्हायला आलेलं. पोरीचा चेहरा एवढासा झालेला. "उद्यापासनं मी काढतो," मी म्हणालो. सायलीनं तिथंच माझा हात घट्ट धरला आणि ऑफिस बंद व्हायच्या आत प्रवेश घ्यायला ओढत नेलं.

म्हशीला हा व्यवहार कुणी विचारला नव्हता. तिनं पहिल्याच दिवशी बादली उडवली, दुसऱ्या दिवशी मला. सायलीचा आवाज कानावर पडल्याशिवाय ती पान्हाच सोडेना. शेवटी सायलीनं मोबाईलवर आपला अभ्यास मोठ्यानं वाचून भरून दिला. आता रोज पहाटे आमच्या गोठ्यात खडकांचे प्रकार चालू असतात, आणि अग्निजन्य खडक आला की म्हैस पान्हा सोडते.

परवा सायलीनं सहज विचारलं, "पप्पा, रोज ऐकताय, तर सांगा बघू, अग्निजन्य खडक म्हणजे काय?"

मला काही आठवेना. दावणीकडून मात्र म्हशीनं मान वर करून माझ्याकडं असं बघितलं, की वर्गात कच्चं कोण आहे ते सगळ्या घराला कळलं.