तळघरातली चौकडी आणि नानाकाकांचं ‘वा!’

आमच्या व्हॅनमध्ये चेलो आडवा ठेवला की मागे दुसऱ्या कशालाही जागा उरत नाही. तरी प्रत्येक कॉन्सर्टहून परत येताना एखादा किस्सा कुठून तरी आत शिरतोच! वर्षभरात एवढे साठलेत की मैत्रिणी आता मला ‘कशी आहेस?’ असं विचारतच नाहीत. ‘चौकडीचं काय नवीन?’ असं थेट विचारतात.

चौकडी म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. केटी आणि ज्युलियन व्हायोलिन वाजवतात, कॅलम व्हायोला, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, वाजवतो आणि आमची लेक इरा माणसाएवढा चेलो. कॅलम ग्लासगोचा. इथे शिकायला आला तो आपल्या देशाचं संगीत बरोबर घेऊनच. एक तर दोन-अडीचशे वर्षं लायब्ररीत धूळ खात पडलेलं आणि आता सापडलेलं, नाही तर आजच्या स्कॉटिश कंपोझर्सनी लिहिलेलं कोरं करकरीत. मधलं काही चालत नाही!

इरा इथे कॅरी गावाजवळ एका फार्मा कंपनीत डेटाचं काम करते. तिने क्वार्टेटसाठी वर्षाची रजा काढली तेव्हाच आमचं ठरलं होतं. वर्षभर वाजव. चौघांना कुठे पक्कं ठिकाण मिळालं तर उत्तम, नाही तर मुकाट्याने ऑफिस. ‘डील!’ ती म्हणाली. सरावाला जागा नव्हती म्हणून मी आमचं बेसमेंट दिलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

* * *

पुण्याहून माझ्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला होता. चौघं पोहे खात बसले होते.

‘स्कॉटलंडचं म्हणजे ते काखेत पिशवी धरून वाजवतात तेच ना गं?’ मावशीने विचारलं.

‘नाही गं मावशी. त्यांच्याकडे पूर्वीपासून व्हायोलिनचं संगीतसुद्धा होतं. कोणी वाजवत नव्हतं, इतकंच.’

‘एवढं चांगलं होतं तर वाजवलं का नाही मग?’

मी प्रश्न इंग्रजीत करून कॅलमपुढे टाकला. त्याने शांतपणे घास गिळला आणि म्हणाला, ‘तिकडे माझी आत्यापण मला हेच विचारते!’

* * *

जुन्या संगीताची एक गंमत असते. कधी कधी चारांपैकी तीनच वादकांचे कागद सापडतात, चौथ्याचे कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नसतं. बाकीचे लोक अशा वेळी चौथा भाग अंदाजाने लिहून काढतात. आमच्या चौकडीचा नियम वेगळा. जे हरवलं ते हरवलं! त्या वाद्याचा माणूस स्टेजवर बसतो, पण बो, म्हणजे गज, मांडीवर ठेवून नुसता ऐकतो. इरा म्हणते, ती रिकामी जागा लोकांना दिसली पाहिजे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा कार्यक्रम ठेवला होता. नेमका व्हायोलाचा भाग हरवलेला पीस सुरू झाला आणि कॅलम हात जोडल्यासारखा गप्प बसून राहिला. मंडळाच्या किचनचा सगळा कारभार कुंदाकाकूंकडे. त्यांना ते काही बघवेना. तीन मिनिटांनी त्या सरळ स्टेजवर चढल्या आणि कॅलमच्या हातात कागदी प्लेट ठेवली. त्यात दोन बटाटेवडे.

‘बिचारा केव्हाचा रिकामा बसलाय. त्याला वाजवायला नाही दिलं, निदान खाऊ तरी द्या!’

कॅलमने वडे खाल्ले. स्टेजवर, सर्वांसमोर, तालात. पुढच्या महिन्यात एका कॉलेजमध्ये तोच पीस होता. सुरू होण्याआधी तो विंगेत इराला विचारत होता, ‘आज त्या आँटी आल्यात का?’

* * *

हे लोक भांडतातही. पण आपल्यासारखं नाही. आपल्याकडे भांडण लागलं की शेजाऱ्यांना कळतं. यांच्यात केटीने ‘आय हिअर यू, बट’ म्हटलं की समजायचं, युद्धाला तोंड फुटलं.

एका शनिवारी मात्र सगळी सभ्यता गुंडाळली गेली. खालून असा आरडाओरडा आला की माझ्या हातातून झारा सुटला. धावत खाली गेले. चौघंही उभे, चेहरे लाल.

‘काय झालं?’

‘आई, नथिंग! शेवटची ओळ किती सॉफ्ट वाजवायची, त्यावर डिस्कशन चाललंय.’

‘हळू वाजवण्यावरून एवढ्या मोठ्यांदा?’

ज्युलियनला आधी हसू फुटलं. मग मी चहा टाकला.

* * *

आता नानाकाका. समोरच्या घरात मुलाकडे राहतात, मूळचे नागपूरचे. उभा जन्म मैफली ऐकण्यात गेलेला. गाणं आवडलं की हा माणूस गप्प बसूच शकत नाही. बायको वारल्यापासून घरात बसून कंटाळायचे, म्हणून मी त्यांना एका चर्चमधल्या कॉन्सर्टला घेऊन गेले.

हॉल कसा? टाचणी पडली तर ऐकू येईल असा. केटीने एक सूर हळूच वर नेला, क्षणभर तिथेच ठेवला, आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, ‘वा! क्या बात है!’

पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं.

कार्यक्रम संपल्यावर केटी धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक. ‘ते काका ठीक आहेत ना? कुठे दुखलं का त्यांना?’

इराने समजावलं, की अगं, त्यांना आवडलं.

‘आवडलं? आणि ते त्यांनी आम्ही वाजवत असतानाच सांगितलं?’ केटीने वळून नानाकाकांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, की नेमकं कुठे आवडलं ते!’

दुसऱ्या दिवसापासून नानाकाकांची खुर्ची बेसमेंटमध्ये. आम्हीच मेली ती जड रिक्लायनर जिन्यातून खाली उतरवली.

* * *

मग तर कहर झाला. सराव संपला की चौघं आधी नानाकाकांकडे बघायचे. ‘टुडे नो वा,’ केटी उदास होऊन म्हणायची, ‘म्हणजे आपण घाई केली.’ आणि पुन्हा पहिल्यापासून!

त्या सुमारास त्यांनी एका तरुण स्कॉटिश कंपोझर मुलीचा नवा पीस बसवायला घेतला. त्यात मध्येच चौघंही एकदम थांबतात. किती थांबायचं ते तिने लिहिलेलंच नाही, वाजवणाऱ्यांवर सोडलंय. त्या शांततेत नानाकाका रोज डोळे मिटून हळूच म्हणायचे, ‘वा!’ आणि पुढचा सूर चौघांचा असा एका क्षणी यायचा की माझ्यासारख्या गाण्यातल्या औरंगजेबाच्याही अंगावर काटा यायचा.

‘एवढे एकत्र आम्ही दुसरीकडे कुठेच येत नाही,’ ज्युलियन म्हणाला. ‘आपल्याला हे जमतं कसं, यार?’ ‘यार’ त्याला इराने शिकवलेलं.

* * *

रजेचा शेवटचा आठवडा आला. उत्तरेकडच्या एका युनिव्हर्सिटीत एका क्वार्टेटला दोन वर्षं ठेवून घेणार होते, त्याची ऑडिशन शुक्रवारी होती. मिळालं तर पक्कं ठिकाण. नाही मिळालं तर सोमवारी इरा ऑफिसात. खरं सांगते, मी तिचे ऑफिसचे कपडे ड्रायक्लीन करून कपाटात लावूनही ठेवले होते.

व्हॅन मीच ड्राइव्ह केली. नानाकाका हट्टाने पुढच्या सीटवर. वाटेत पार्सिपनी गावी इडली खायला थांबलो, पण इराने इडलीला हातसुद्धा लावला नाही. पोरीला हे किती हवंय, ते मला त्या इडलीने सांगितलं.

ऑडिशनच्या दारातच एका बाईंनी बजावलं, टाळ्या नाहीत, आवाज नाही, खोकलासुद्धा शक्यतो बाहेर. मी नानाकाकांना बाजूला घेतलं.

‘काका, आज एक शब्द नाही हं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.’

‘अगं सुमेधा, शब्द देतो. आज तोंडाला कुलूप!’ त्यांनी खिशातून खडीसाखरेचा मोठा खडा काढला आणि गालात धरला.

समोर तीन परीक्षक. तिसऱ्या रांगेत आम्ही दोघं. जुना पीस झाला, छान झाला. नानाकाका हलले नाहीत. मग नवा सुरू झाला. ती जागा आली. चौघं थांबले.

आणि थांबलेच.

चारही बो हवेत. केटीची नजर हळूहळू सरकत तिसऱ्या रांगेकडे आली. मग ज्युलियनची. मग कॅलमची. एका परीक्षकाने पेन खाली ठेवलं. मी नानाकाकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, आणि मान नकारार्थी हलत होती. शब्द दिला होता ना त्यांनी मला!

शेवटी इराने माझ्याकडे पाहिलं.

‘वा!’ मी म्हणाले.

चारही बो एकदम तारांवर उतरले.

संध्याकाळी पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई स्वतः बाहेर आल्या. ‘सप्टेंबरमध्ये भेटू,’ त्या चौघांना म्हणाल्या. ‘आणि तो मधला थांबा आहे तस्साच ठेवा.’ पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. इरा माझ्या गळ्यात पडली ती सुटेचना.

व्हॅनमध्ये बसल्यावर नानाकाकांनी सावकाश सीटबेल्ट लावला, उरलेली खडीसाखर कडकन चावली आणि माझ्याकडे वळले.

‘सुमेधा, सुरात नव्हतं हं. पण जागेवर होतं!’