साच्यावर राहिलेलं कापड

दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मी लालबागमध्ये गिरणीच्या भिंतीलगत फुटपाथवर पालथा पडलेला असायचो. समोर वीतभर जागेत काहीतरी मांडलेलं असायचं. कधी चाळीचा नळ आणि पुढे चौदा बादल्या, कधी खानावळीचं बाकडं. सगळं पुठ्ठ्याचं आणि तारेचं, प्रमाण एक इंचाला दोन फूट. मी नोकरीत ड्राफ्ट्समन, मोजल्याशिवाय हात चालत नाही. कॅमेरा जमिनीला टेकवला की बादल्या खऱ्या वाटायच्या आणि मागची भिंत आभाळापर्यंत जायची.

जाणारे-येणारे बोलायचे. "काय काका, चावी पडली काय?" एक बाई पाव घेऊन जायच्या. त्या म्हणाल्या, "उठा आता, झाडूवाली येतेय, तुम्हालाच भरून नेईल." घरी बायको म्हणायची, "पाठ धरली तर तेल लावायला मला बोलवू नका." पाठ धरायचीच. तेलही तीच लावायची.

वडील साचेखात्यात होते. गिरणगावात मागाला साचा म्हणतात आणि तो चालवणाऱ्याला साचेवाला. त्यांच्याकडे दोन साचे होते. संप झाला. तो संपला असं मात्र आम्हाला कधी कुणी येऊन सांगितलं नाही. पुढे तेरा वर्षं ते वरळीला एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. तेवढ्या काळात गिरणीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. भाजीला निघाले तरी गिरणीचा रस्ता टाळून जायचे, चारशे पावलं जास्त चालून. मी मोजली होती.

मग भिंतीवर टॉवरच्या जाहिरातीचा बोर्ड लागला. भिंत पावसाळ्यापर्यंत टिकेल असं चहावाला म्हणाला. ती पडायच्या आत तिच्यासमोर वडिलांचे साचे मांडून एक फोटो काढावा, आणि त्यांनी तो बघून "बरोबर आहे" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी कधी गिरणीच्या आत गेलो नव्हतो. बरोबर की चूक हे सांगू शकणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, आणि ते बोलत नव्हतं. लांबी-रुंदी विचारली तर म्हणाले, "गिरणीला विचार."

शेवटी खालच्या मजल्यावरच्या एका जुन्या कामगाराकडून मापं घेतली. लोखंडी भाग मातीचे करावेत म्हणून गणपतीच्या कारखान्यात शाडू मागायला गेलो.

"कशाला पाहिजे?" मूर्तिकाराने विचारलं.

"साचा करायचाय."

"कशाचा साचा?"

"साच्याचाच."

"अहो, साच्याचा साचा कसा होईल? मूर्ती कुठली ते सांगा. बसलेली की उभी?"

त्यांच्या धंद्यात साचा म्हणजे मूर्तीचा छाप, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मी म्हणालो, "उभी. पुढ्यात साचेवाला उभा आहे." सगळा कारखाना हसला. माती मात्र फुकट दिली.

तीन आठवड्यांनी साचा तयार झाला. साडेतीन इंच लांब. पुढे साचेवाला, पावणेतीन इंचाचा. जेवणाआधी मी तो वडिलांसमोर पाटावर ठेवला. मूर्तिकाराचा किस्सा सांगितल्यावर ते जरासे हसले. मग चष्मा लावला.

"ह्यो कोणाची वाट बघतोय?"

"साचा चालवतोय, बाबा."

"एक साचा? दुसरा कुठंय? अरे, पुढं एक असतो, पाठीमागं एक. पाठीमागच्याचा आवाज बदलला की वळायचं. ह्यो तर बँकेच्या खिडकीपुढं उभा राहिल्यासारखा."

इतक्या वर्षांत एका दमात ते एवढं बोलले नव्हते. मी कागद घेतला. बायकोने ताटं झाकून ठेवली.

"आणि कापड?" ते म्हणाले. "कापड नाही ह्याच्यावर."

"किती दाखवू?"

ते म्हणाले, "निघालो त्या दिवशी एकाचा तागा सकाळीच उतरवला होता. दुसऱ्याच्या रोळावर पंचवीस वार झालं होतं. म्हटलं, आठ दिवसांनी येऊन पुरं करू."

पंचवीस वार म्हणजे पंचाहत्तर फूट. माझ्या प्रमाणात साडेसदतीस इंच. दुसरा साचा केला, त्यांच्याच जुन्या धोतराची पट्टी कापली आणि गुंडाळायला बसलो. लांबी लहान झाली, रुंदी झाली, पण कापडाची जाडी काही लहान होत नाही. रोळ फुगला, साच्याच्या पायांत मावेना. मी म्हणालो, "दहाच इंच गुंडाळतो, दिसायला ठीक दिसेल."

"पंचवीस वार होतं," वडील म्हणाले.

मी साच्याचे पाय कापून पुन्हा केले, मापापेक्षा उंच. आयुष्यात एवढं एकच माप मी जाणूनबुजून चुकवलं आहे.

त्या रविवारी ते माझ्याबरोबर निघाले. मी विचारलं नव्हतं. त्या रस्त्याला वळताना थांबले, मला वाटलं परततील, पण नुसती चप्पल नीट केली. पुढे गेलो तर भिंत नव्हती. निळे पत्रे ठोकले होते आणि मागे आभाळ मोकळं होतं. चहावाल्याचा अंदाज चुकला होता.

पत्र्यापुढचा वॉचमन म्हणाला, "यहाँ नहीं, चाचा."

"पाच मिनिट," वडील म्हणाले. "मैं भी गेट पे था." त्याने मान वळवली.

दोन्ही साचे मी पत्र्याच्या पायथ्याशी मांडले, मधे साचेवाला उभा केला आणि पालथा पडलो. निळा पत्रा पत्र्यासारखाच दिसत होता. साचे खेळण्यासारखे. मी तसं सांगितलं.

वडील वाकले. गुडघा वाजला. त्यांनी साचेवाला उचलून हातात धरला.

"बाबा, माणूस राहू दे. त्याच्याशिवाय आकार कळत नाही."

"आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिथं कोणी नव्हतं," ते म्हणाले. "काढ आता. ऊन सरकतंय."

मी एकच फोटो काढला. वडिलांनी परत जायला तोच सरळ रस्ता धरला. जिन्यात दर मजल्यावर थांबत होते, मीही थांबत होतो. रोलमधले एकोणीस फोटो शिल्लक होते. ते संपण्याआधी रोल धुवायला देणं माझ्या स्वभावात नाही, पण दुसऱ्या दिवशी दिला. फोटो आला तसा त्यांच्या हातात ठेवला. उजेडाकडे धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"पाय उंच आहेत," ते म्हणाले. "बाकी बरोबर."