डाव्या हाताचा सलाम

आमचे हे जन्मभर उलटं कोरत आले. साचेकाराचं कामच ते. पोलादाच्या ठोकळ्यात खड्डा कोरायचा, त्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरायचं, आणि थंड झालं की त्यातून बाहेर पडणार रणगाड्याचं चाक, विमानाचा पंख, नाहीतर अंगठ्याएवढा सैनिक. खड्ड्यात जे डावीकडे, ते बाहेर आल्यावर उजवीकडे. म्हणून आकडे उलटे कोरायचे, अक्षरं उलटी, माणसंही उलटी. मी घरी शिवणकाम करायची. उलट्या बाजूने शिवून सुलटं करणं माझ्याही हाताच्या वळणातलं, त्यामुळे ह्यांचं काम मला लग्नानंतर चार दिवसांतच कळलं. माणूस कळायला मात्र परवाचा दिवस उजाडावा लागला.

बोलण्याच्या नावाने तर आनंदच. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस. कारखान्यातून आले की हात घासून धुवायचे, नखांतला पोलादाचा भुगा सुईने काढायचा, जेवायचं आणि भिंगाखाली काहीतरी बघत बसायचं. "आज काय केलं?" विचारलं तर, "दोन चाकं." संपलं. मी बडबडी, म्हणून संसार झाला. नाहीतर आमच्या घरात घड्याळाखेरीज कुणी आवाजच केला नसता.

कारखान्यातून ती खेळणी पेटीत भरून जायची. पेटीत प्लॅस्टिकच्या चौकटी, चौकटीला चिकटलेले शेकडो बारीक तुकडे. पोरांनी ते तोडायचे, कानशीने घासायचे, गोंदाने जोडायचे, पाण्यात भिजवून चित्रं चिकटवायची. पेटीच्या झाकणावर धूर, आग आणि दणदणत येणारा रणगाडा. आत तोच रणगाडा, पण करडा, थंड आणि शंभर तुकड्यांत. त्या काळी पोरं यापायी वेडी होती.

ह्यांचे थोरले भाऊ, आमचे भावजी, खऱ्या रणगाड्यात होते. घरात फार मान त्यांचा. सुट्टीवर आले की सासूबाई दारातच उभ्या राहायच्या आणि ते आधी खाड्कन सलाम ठोकायचे, मग पाया पडायचे. मग लढाई लागली. काही दिवस पत्रं आली, मग थांबली, आणि एका दुपारी बातमी आली की जीव वाचलाय, पण उजवा हात कोपरापासून गेला.

त्याच आठवड्यात हे नव्या पेटीतल्या साहेबाचा साचा कोरत होते. साहेब म्हणजे रणगाड्याशेजारी सलाम करत उभा असलेला अधिकारी. कोरून झालं की साच्यात मेण दाबायचं, काढायचं आणि निरखायचं, ही त्यांच्या कामाची रीत. मेण नीट दिसलं तरच साचा भट्टीत जायचा, कारण भट्टीतून पोलाद कडक होऊन आलं की छिन्नी चालत नाही. ह्यांनी मेण दाबलं, बघितलंही. पण डोळे तिथे आणि मन इस्पितळात. साचा भट्टीत गेला. यंत्रावर चढला आणि पहिला साहेब बाहेर पडला, तो डाव्या हाताने सलाम करत.

सगळा कारखाना हसला हो. ह्यांनी उलटं कोरायचं ते सुलटं कोरलं होतं. शिकाऊ माणूस जे पहिल्या महिन्यात शिकतो, तेच आमच्या हुशार माणसाने विसरावं! त्या दिवसापासून ह्यांना नाव पडलं 'डावरे'. मालक चिडले, पण माल बाजारात न्यायची घाई होती. म्हणाले, जाऊ दे, पोरांना काय कळतंय. पेट्या भरल्या आणि गेल्या.

इकडे भावजी घरी आले, ते भिंतीकडे तोंड करून निजले. सासूबाई घास भरवायला गेल्या की ओठ मिटून घ्यायचे. दाढी वाढली. दोस्त भेटायला आले तर डोळे उघडेनात. एकदाच बोलले, "डाव्या हाताने सलाम करतात का कुठे? मग मी आता कोण?" सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. मी नवी सून. मला तर त्या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटायची.

एका संध्याकाळी हे आले ते खिशात तो चुकलेला साहेब घेऊन. घरी बसून बघणार होते, हात कुठे कापता येईल, कसा फिरवता येईल ते. भावजींना पाणी द्यायला गेले, वाकले, आणि खिशातून तो टपकन अंथरुणावर पडला. भावजींनी डाव्या हाताने उचलला. बराच वेळ बघितला. मी ताट घेऊन दारातच उभी होते.

"धाकट्या," भावजी म्हणाले, "हा माझ्यासाठी केलास?"

ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली. होकाराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी डाव्या हाताने स्वतःची दाढी केली. गाल कापून घेतला, पण केली. मग अक्षरं गिरवायला बसले, लहान पोरांसारखी. पुढे ग्रंथालयात लागले, तिथूनच निवृत्त झाले. माजी सैनिकांचा मेळावा असला की कडक इस्त्रीचा कोट घालून जायचे आणि डाव्या हाताने सलाम करायचे. कुणाची काही बोलायची छाती झाली नाही. आणि गल्लीतल्या दर पोराला वाढदिवसाला तीच पेटी द्यायचे. "बघ, यातला साहेब माझ्या भावाने खास माझ्यासाठी केलाय."

आम्ही गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची. चुकीतून चांगलं झालं, मग ती उकरून काढायची कशाला?

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा होता, आणि तो मी काही कमी वेळा बोलून दाखवला नाही. कारखान्यातले मुख्य साचेकार निवृत्त व्हायचे होते. मालकांनी ह्यांना बोलावलं आणि म्हणाले, तुझ्या हाताला तोड नाही, पण ते 'डावरे' नाव आधी पुसून टाक. तो साहेब दुरुस्त कर आणि खुर्चीवर बस. ह्यांनी काय सांगावं? दुरुस्त होणार नाही, पोलाद तडकेल, आख्खा साचा जाईल. मालकांनी कपाळावर हात मारला आणि खुर्ची दिली एका चष्मेवाल्याला, जो ह्यांच्याकडेच काम शिकला होता. हे पुढची सगळी वर्षं त्याच्या हाताखाली मान खाली घालून राबले.

भावजी घरात नसले की मी काय काय नाही बोलले! "प्रयत्न तरी करायचा! तडकला असता तर तडकला असता. तुमच्यात धमकच नाही." हे ऐकून घ्यायचे आणि नखांतला भुगा काढत बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच कानाला खडा लावला. पण मनातून गेलं नाही ते. नवऱ्याने एवढं भित्रं असावं याची मला चारचौघांत लाज वाटायची, हे खरंच सांगते.

कारखाना केव्हाच बंद पडला. साचे भंगारात गेले असतील असं आम्ही धरून चाललो होतो. आणि परवा दारात एक माणूस उभा. पन्नाशीचा, अर्धं टक्कल, हातात पेटी. म्हणाला, आमच्या कंपनीने ते जुने साचे विकत घेतलेत, गंज काढलाय, आता जुनी खेळणी पुन्हा बाजारात आणतोय. पेटी तीच, झाकणावरचं चित्र तेच.

"घेणार कोण?" मी विचारलं. "आजकालची पोरं तर मोबाइलमधून मान वर काढत नाहीत."

"पोरं नाही हो काकू. आम्ही." तो हसला. "मी आणि माझे वडील जमिनीवर वर्तमानपत्र पसरून हे जोडायचो. गोंदाचा वास आला की मला अजून वडील आठवतात. ते जाऊनही आता खूप वर्षं झाली." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, अशी कितीतरी माणसं अजून जमिनीवर बसून रणगाडे चिकटवतात म्हणे.

मग तो ह्यांच्याकडे वळला. "काका, तो डाव्या हाताचा साहेब तुम्हीच कोरलात ना? अहो, आमच्या लोकांत ती चूक फार प्रसिद्ध आहे! त्या चुकीवर आम्ही पेटीत एक पान छापतोय. तुमचा फोटो हवाय. इथल्या मोठ्या दुकानात पहिली पेटी तुमच्या हाताने उघडायची."

हे हळूच म्हणाले, "ते पान नका छापू."

"नको? मग कॉम्प्युटरवर हात दुरुस्त करून घेऊ. आता काही अवघड नाही ते. पण पान नाही तर दुरुस्ती, दोन्हीपैकी एक करावंच लागेल, नाहीतर नवीन लोक पेट्या परत करतील. उद्या फोन करतो, विचार करा."

तो गेला. हे खुर्चीत बसले ते बसलेच. भावजी राहतात आमच्याच मागच्या खोलीत. वय झालं तरी छापील कागद दिसला की भिंग घेऊन वाचून काढणार. पेटी दुकानात आली की गल्लीतलं कुणीतरी ती आणून त्यांच्या हातात देणारच. चूक छापली तरी कळणार, दुरुस्त केली तरी कळणार. ज्याच्याकडे बघून तो माणूस उठून उभा राहिला, तेच खोटं होतं हे त्याने या वयात वाचायचं?

"तुम्हीच सांगा त्यांना," मी म्हटलं. "परक्याच्या कागदावर वाचण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकू दे."

"मला नाही जमणार."

"मग मी सांगते."

तेव्हा उठले.

भावजी खिडकीपाशी वाचत बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "काय रे, दोघं एकदम? कोण गेलं?"

हे उभेच राहिले. साहेब खिडकीच्या कट्ट्यावर होता, रंग उडालेला. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "दादा, ही चूक होती."

"कसली चूक?"

"मी उलटं कोरायचं ते सुलटं कोरलं. त्याच आठवड्यात तुझी बातमी आली होती, मन जाग्यावर नव्हतं. तुझ्यासाठी नव्हता केला मी तो. तू विचारलंस आणि मी मान हलवली." एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग 'डावरे' नाव, दुरुस्तीपायी गेलेली खुर्ची, कंपनीचा माणूस, ते पान, सगळं सांगून टाकलं.

भावजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आणि मग ते हसायलाच लागले. "अरे गाढवा! आणि मी गल्लीभर सांगत सुटलो, माझ्यासाठी केला, माझ्यासाठी केला! छापू दे त्यांना. मी उठलो तो उठलो, आता पुन्हा थोडाच निजणार आहे?"

मला हायसं वाटलं. चहा टाकावा म्हणून मी वळले, तेवढ्यात भावजींनी सहज विचारलं, "पण मालक दुरुस्त करायला सांगत होते ना तुला? खुर्ची देणार होते म्हणतोस. मग का नाही केलंस?"

"तडकलं असतं ना पोलाद," मीच उत्तर दिलं. पाठच होतं मला ते.

"नसतं तडकलं," हे म्हणाले.

मी थांबले.

"छिन्नी चालत नाही, पण तेवढा हात घासून काढायचा आणि नवा तुकडा बसवायचा. सोपं काम होतं. मी मालकांना खोटं सांगितलं." खाली बघतच बोलत होते. "तू नुकताच ग्रंथालयात लागला होतास. वाटेवर ते खेळण्यांचं दुकान. काचेत उजव्या हाताचा साहेब दिसला असता तुला."

भित्रा म्हणाले होते मी ह्यांना. शेजारणींसमोर म्हणाले होते. आणि हा माणूस वर्षानुवर्षं 'डावरे' म्हणवून घेत, आपणच शिकवलेल्या माणसाच्या हाताखाली, एक शब्द न बोलता राबला. मला रडू फुटलं, आणि संतापही आला, की मला तरी सांगायचं होतंत हो.

भावजींचं हसू केव्हाच गेलं होतं. हात गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता ते बाहीने डोळे पुसत होते.

"चूक होती तोवर बरं होतं रे धाकट्या," ते म्हणाले. "चूक मी हसून सोडून दिली. पण हे? हे मी आता या वयात कुठे ठेवू?"

हे त्यांच्या शेजारी खाटेवर बसले.

"तू भिंतीकडून तोंड वळवलंस ना दादा," म्हणाले. "मग झालं."