फॉन्ड्यूचा कुस्करा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगते. राहू दे, हसालच तुम्ही. मावशी अजून हसते.

माझी मावशी नोकरीमुळे स्वित्झर्लंडमध्ये राहते. दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी तिच्याकडे गेलो. आईने सोलापुराहून कपड्यांपेक्षा ज्वारीचं पीठ जास्त नेलं होतं. पोहोचल्या पोहोचल्या मावशी म्हणाली, "ताई, पीठ कशाला आणलंस? इथं भाकरी बंद आहे."

"बंद? का गं?"

तर झालं असं होतं. खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहायच्या. एका रविवारी मावशी भाकऱ्या थापत होती आणि आजी तणतणत वर आल्या. म्हणे, रविवारी घरात सुतारकाम चालणार नाही! तिकडे रविवारी आवाज करत नाहीत. आणि मावशीला सुट्टी फक्त रविवारी.

"मी पीठ परत न्यायला आणलं नाही," आई म्हणाली. "त्या बाईंशी गोड बोलू की."

संधीही लगेच आली. शनिवारी संध्याकाळी आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं. फॉन्ड्यू नावाचा तिकडचा पदार्थ करणार होत्या. मावशीने जिन्यातच बजावलं, "आज त्यांना खूश करायचं. भाकरीचं मी हळूच काढते." आईने मला वेगळं बजावलं, "घुम्यासारखी बसू नकोस. पुढं होऊन मदत कर."

घुमी मी आहेच. वर्गात हजेरी देते तेव्हा बाई माझं नाव दोनदा घेतात, कारण पहिला 'हजर' त्यांना ऐकूच येत नाही.

तर टेबलावर छोट्या शेगडीवर एक भांडं. त्यात वितळलेलं चीज, पिवळंधमक, रटरटत होतं. शेजारी टोपलीत पावाचे तुकडे. मी एक चाचपून पाहिला. कालचा पाव, चांगला कडक. आणि प्रत्येकासमोर एक लांबलचक काटा. तो कशाला, कळेना. पापड भाजायचे असतील!

आजींनी माझ्या हातात लाकडी चमचा दिला, ढवळत राहा अशी खूण केली आणि आई-मावशीला बाल्कनीतली फुलझाडं दाखवायला घेऊन गेल्या.

आता तुम्हीच सांगा. समोर गरम पातळ पदार्थ, शेजारी कडक तुकडे. सोलापूरच्या माणसाला यात विचारायचं काय आहे? आमच्याकडे कडक भाकरी आमटीत कुस्करतात, जरा भिजू देतात आणि खातात. आजींनी निम्मं काम करून ठेवलंय, निम्मं माझ्यासाठी ठेवलंय, असंच मला वाटलं. सगळ्यांनी आपापल्या काट्याला पाव टोचून तो एकाच भांड्यात बुडवायचा असतो, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आमच्या घरी उष्टा चमचा वरणात गेला तर माझी आजी नवीन वरण टाकायला लावते.

मी हात स्वच्छ धुऊन आले. सगळी टोपली कुस्करून भांड्यात घातली आणि ढवळलं. थोड्या वेळाने चमचा आपोआप उभा राहायला लागला. मी समाधानाने बसले.

तिघी आत आल्या.

"अगं बाई! काय केलंस हे?" मावशी ओरडली.

"कुस्करलं."

"कुस्करलं?"

"भिजलं की मऊ होईल ना."

आईने वाकून पाहिलं. "मऊच झालंय की!"

"ताई, तू तरी गप्प बस!"

आजी भांड्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. मावशीचा चेहरा पडला.

"त्यांच्याकडे नियम आहे. पावाचा तुकडा भांड्यात पडला, तर पाडणाऱ्याने गाणं म्हणायचं."

"एक तुकडा पडला तर?"

"एक गाणं."

मी रिकाम्या टोपलीकडे पाहिलं.

"नाही म्हटलं तर चालेल का गं?" मी कुजबुजले.

"आपल्या भाकरीचा प्रश्न आहे! गा!"

मी उभी राहिले. आधी शाळेची प्रार्थना म्हटली. मग आरती घेतली. आरती म्हटल्यावर आईला राहवेना, ती टाळ्या वाजवायला लागली. मग टेबलावर ठेकाही धरला. मला जरा जोर चढला. आरत्या संपल्या तशी स्वागतगीत घेतलं. गाणी संपल्यावर तेराचा पाढा चालीवर म्हटला. सतराच्या पाढ्यापर्यंत पोहोचले तेव्हा शेजारच्या घरातून कुणीतरी भिंतीवर ठोकलं.

आजींनी हात वर केला. मावशीकडे वळून एकच वाक्य बोलल्या. मावशीने तोंडावर रुमाल धरला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काय म्हणाल्या ते मात्र सांगेना.

मग सगळ्यांनी तो कुस्करा चमच्याने खाल्ला. खोटं कशाला सांगू, चांगला लागत होता. फक्त शेंगाचटणी हवी होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला जाग आली ती धपधप आवाजाने. स्वयंपाकघरात आई बिनधास्त भाकऱ्या थापत होती. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. वर्गात 'हजर' म्हणता न येणारी मी, पण माझ्या गाण्याने आजी विरघळल्या!

"मावशी, काल आजी काय म्हणाल्या गं?"

मावशीने भाकरी उलटली.

"म्हणाल्या, रविवारी खुशाल सुतारकाम करा. पण हिला पुन्हा गायला लावू नका."