घटपर्णी आणि कूलरचा मिस्त्री

१२ मे १९७४. कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवायच्या होत्या. शिलाँगची माझी घटपर्णी नागपुरात त्याच गारव्यावर जगते. मिस्त्री कामाचा पक्का. पण साचलेलं पाणी दिसलं की न विचारता ओततो. मी चहा ठेवेपर्यंत त्यानं झाडाच्या पानांना लोंबणाऱ्या, रसानं भरलेल्या सातही सुरया उलट्या केल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"मच्छर होते ना बाई त्याच्यात!"

"मच्छरच खातं ते झाड! तो रस म्हणजे त्याचं पोट!"

"मंग काहून चिडून राहिल्या? पोट साफ झालं त्याचं."

त्याचा चहा मी मोरीत ओतला. हाकलता मात्र येईना. दुसरी ताटी राहिली होती.

१३ मे. सकाळी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी ड्रॉपरनं सुरयांत घातलं आणि तो येताच कुंडीपुढे खुर्ची टाकून बसले.