बोथ्याच्या जंगलात टांगलेलं रेशन

साठच्या दशकाची सुरुवात होती. आमचं सिग्नल सेक्शन सरावासाठी बुलढाण्याजवळ बोथ्याच्या जंगलात उतरलं. मी नांदुऱ्याचा, सेक्शन कमांडर हवालदार संपत मुंढे बीबी गावचे. आपल्याच जिल्ह्यात ड्युटी म्हणून मी खुशीत होतो. हवालदारांनी पहिल्याच फॉलइनला, रांगेत उभं करून, सगळ्यांना बजावलं.

"इथं अस्वलं हायेत. तंबूत खायचं काहीच ठेवायचं नाही. गुळाचा खडाबी नाही."

स्वयंपाक तंबूंपासून लांब. रेशन पत्र्याच्या पेट्यांत. अस्वल झाडावर चढतं, म्हणून पेट्या फांदीला बांधायच्या नाहीत. दोन झाडांमध्ये तारेचा दोर ताणून मधोमध उंच टांगायच्या. उरलेलं अन्न जाळायचं, भांडी लगेच घासायची. सकाळी झाडांच्या सालीवर नख्यांचे ताजे ओरखडे दिसत. पेट्या शाबूत असत.

मग सिपाही गवई तापानं पडला. त्याचा भाऊ भेटून गेला, जाताना शेंगदाण्याचे लाडू देऊन गेला. गवईनं ते उशाशी ठेवले. कोणाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी, ऊन उतरताना, मी टेकडीवर वायरलेस सेटवर होतो. खालच्या सेटवरून पहाऱ्यावरचा सेंट्री बोलला, "अस्वल गवईच्या तंबूत. गवई आत. ओव्हर."

हवालदार शेजारीच होते. त्यांनी माईक घेतला.

"फायर करू नका. गोळी गवईले लागंल. तंबूच्या तोंडापासून हटा, अस्वलाले वाट द्या. ओव्हर."

ते धावत उतरले, मी त्यांच्यामागे. तंबूच्या मागचे दोर त्यांनी चाकूनं कापले, कापड वर केलं आणि हात आत घातला.

"गवई, हात दे."

त्यांनी त्याला ओढलं, तेवढ्यात अस्वलाचा पंजा बसला. हवालदारांचा दंड कोपरापर्यंत फाटला. हातातला गवई त्यांनी सोडला नाही. दोघं बाहेर आले. अस्वलानं लाडू संपवले आणि समोरून निघून गेलं.

मी पट्टी बांधत होतो. गवई जवळ येऊन बसला.

"हवालदार, लाडू माह्ये होते."

"तंबूत खायचं ठेवू नका, हे काऊन सांगत होतो, ते समजलं ना? जा, झोप. ताप हाये तुले."

त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. असा कमांडर मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे सरहद्दीवर लढाई पेटली. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनची लाइन तुटली. ती जोडायला हवालदार स्वतः गेले. लाइन चालू झाली. ते परत आले नाहीत.

सुट्टी मिळाल्यावर मी आणि गवई बीबीला गेलो. हवालदारांच्या आईनं आम्हाला पाणी दिलं, मग विचारलं, "त्याच्या संगचे पोरं?"

"सगळे जित्ते हाओत, माय," गवई म्हणाला.

"मंग बसा. जेवून जा."

तिनं स्वतः भाकरी वाढली. ती समोर बसून राहिली, आम्ही जेवून उठेपर्यंत.